पगडीचें माप

अमरकोशांत ‘उष्णीष’ शब्दाचे शिरोवेष्टन व किरीट असे दोन अर्थ दिले आहेत. पुणेरी पगडीस हे दोन्ही लागू पडतात. पागोटें वा फेटा धारण करणारा प्रत्येक वेळीं डोक्यास गुंडाळतो. तेथें वस्त्र आपोआप माप घेतें. पगडी मात्र कारागिरानें आधींच बांधून, शिवून सिद्ध केलेली. ती किरीटाप्रमाणें चढवावयाची. म्हणून तिचें सर्व बरेंवाईट मापावर अवलंबून. घेर सैल असल्यास मान लवतांच ती पुढें येते. तंग असल्यास कपाळीं वळ उठतो.

लो. टिळक व ना. गोखले यांचे राजकारणांतील मार्ग भिन्न. परंतु छायाचित्रांत दोघांचीही पगडी मस्तकीं नीट बसलेली दिसते. तें श्रेय पगडबंदाचें.

2009 सालीं पुणेरी पगडीस भौगोलिक मानांकन मिळालें, नांव राखलें गेलें. समारंभांत मात्र आयती आणलेली पगडी पाहुण्याच्या मस्तकीं ठेवितात व ती त्यास हातानें सांवरावी लागते. माप विसरलें म्हणजे पगडीचा केवळ अलंकार होतो.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, जुनी पगडी हातीं आल्यास तिचा आंतील घेर मोजून टिपून ठेवावा. ती खऱ्या मस्तकासाठीं बांधिली होती, याची साक्ष तोच देतो.