‘आढळले नाही’ या नोंदीचा अर्थ

किरणोत्सर्गी द्रव्ये हाताळणाऱ्या कामगारांचा इतिहास लिहावयाचा तर तपासणीच्या जुन्या नोंदींवाचून गत्यंतर नाही. ‘त्वचेवर काही आढळले नाही’ असे वाक्य जेथे येते तेथे ते कामगाराच्या हाताविषयीचे विधान मानले जाते. वस्तुतः ते तपासणीच्या साधनाविषयीचे विधान होय.

न्यू जर्सीतील ऑरेंज येथे घड्याळांच्या तबकड्या रेडियमयुक्त रंगाने रंगविणाऱ्या तरुणींची पाहणी हार्वर्डचे सेसिल ड्रिंकर व त्यांचे सहकारी यांनी १९२४ साली केली. अंधाऱ्या खोलीत या मुलींचे केस, चेहरे, हात, इतकेच नव्हे तर आतील वस्त्रेही चमकताना दिसली. येथे डोळा हेच साधन होते. परंतु दिसणारा प्रकाश रेडियमचा नव्हे, त्यात मिसळलेल्या झिंक सल्फाइडचा. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे. सल्फाइडची चमक मात्र किरणांच्या माऱ्याने काही वर्षांतच मंदावते. म्हणजे निस्तेज झालेली जुनी धूळ अंगावर असूनही अंधारात काही दिसू नये, हे अगदी शक्य होते. त्याहून मोठी उणीव अशी की, कुंचल्याला ओठांनी टोक काढताना पोटात गेलेले रेडियम हाडांत साठत होते आणि धुतलेले हात त्याविषयी मौन पाळीत होते. ते उघडकीस आणण्यासाठी १९२५ मध्ये हॅरिसन मार्टलँड यांना उच्छ्वासातील किरणोत्सर्ग तपासावा लागला. (कंपनीने ड्रिंकर यांचे निष्कर्ष राज्याच्या कामगार खात्यास विपर्यस्त रूपात कळविले, ही हकीकत निराळी, तेथे दोष साधनाचा नव्हता.)

पुढे मॅनहॅटन प्रकल्पात प्लुटोनियम आले. त्याचे अल्फा कण हवेत तीनचार सेंटिमीटरच जातात. घामाचा पातळ थरही त्यांना अडवू शकतो. म्हणून लॉस अलामॉस येथे हातांच्या मोजणीबरोबर नाकपुड्या पुसलेले कागद व मूत्र यांचीही तपासणी होऊ लागली.

यंत्र उत्तम असले तरी पार्श्वभूमीच्या किरणोत्सर्गाचे चढउतार राहतातच. नेमके कोठून पुढे ‘आढळले’ म्हणावयाचे, याविषयी प्रचलित असलेल्या व्याख्या लॉइड करी यांनी १९६८ मध्ये एकाच उदाहरणाला लावून पाहिल्या, तेव्हा उत्तरांत जवळजवळ हजारपटींचा फरक पडला.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. अण्वस्त्र-कारखान्यांतील आजारी कामगारांसाठी अमेरिकेने २००० साली नुकसानभरपाईचा कायदा केला. त्याखालील दाव्यांत मात्रामापक बिल्ल्याची शून्य नोंद शून्य धरली जात नाही; अशा प्रत्येक नोंदीमागे सामान्यतः शोधसीमेच्या निम्मी मात्रा कामगाराच्या खाती मांडली जाते.