वस्तऱ्यावरचा आळ

पुरुषांच्या कानाच्या कडेवर चाळिशी-पन्नाशीनंतर राठ केस उगवू लागतात. तोवर तिथे जेमतेम दिसणारी लव असते आणि त्या जागी वस्तरा लावण्याचं कुणाच्या डोक्यातही आलेलं नसतं. पुढे दाढीबरोबर न्हावी ते केस उडवू लागतो, वयाप्रमाणे ते वाढतच जातात आणि घरातून शेरा येतो: "कापलेस ना, म्हणून वाढले!" भादरलं की केस जाड येतात या समजुतीची कुळी काढायची तर सुरुवात कानापासून करावी असं माझं मत आहे, कारण इथे केस आधी राठ झाले आणि हत्यार मागून आलं, हे उघड दिसतं.

आपल्याकडे या समजुतीचं मूळ मी जावळात धरतो. मनुस्मृतीत चूडाकर्म, म्हणजेच जावळ, पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी सांगितलं आहे, आणि तान्हेपणीचे मऊ, विरळ केस जाऊन भरीव केस येण्याचा काळही साधारण हाच. मामाच्या मांडीवर बसवून बाळाचा गोटा होतो, वर्षभरात डोकं भरतं आणि श्रेय वस्तऱ्याला मिळतं. वयात येताना हाच प्रकार पुन्हा घडतो. संप्रेरकांमुळे ओठावरची लव काळी-जाड होत असते आणि नेमक्या त्याच दिवसांत पहिली दाढी होते. उतारवयात पाळी कानांची. मौज अशी की जावळाच्या वेळी ज्या गुणासाठी वस्तरा हवासा वाटतो, त्याच गुणाच्या धाकाने तीच आई मुलीला हातापायांवर रेझर फिरवू देत नाही.

यावर नेहमी दिलं जाणारं उत्तर असं: केसाचं निमुळतं टोक कापलं की बोथट खुंट उरतो, तो बोटाला टोचतो, म्हणून केस जाड झाल्याचा भास होतो. हनुवटीपुरतं ते बरोबर आहे. पण जावळानंतर लोक कौतुक करतात ते महिन्यांनी दिसणाऱ्या दाटपणाचं; तेव्हा खुंट कुठले? खुंटांनी समजूत पोसली असेल, जन्माला घातली नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जावळाची चाल नसलेल्या अमेरिकेतही ही समजूत इतकी रुजली होती, की शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्ये दाढीचे कापलेले केस मोजून ती खोडून काढली. 1970 मध्ये पुन्हा पाच तरुणांचा एकच पाय दर आठवड्याला कित्येक महिने भादरला गेला, तरी दोन पायांच्या केसांत फरक पडला नाही. तिथे जावळाचं काम मिसरुडाने केलं असणार. योगायोग एक असो वा तीन, मूळ कातडीखाली असतं आणि पातं वरचा निर्जीव भागच कापतं.

कानाच्या केसांवर विज्ञानानेही एकदा असंच खोटं कूळ चिकटवलं होतं. हे केस वाय गुणसूत्रावरून बापाकडून मुलाकडे येतात, असं पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षं छापलं जाई. आनुवंशशास्त्रज्ञ हॉल्डेन यांचे शिष्य कृष्ण द्रोणमराजू यांनी 1960 मध्ये आंध्रातल्या वंशावळी त्यासाठी मांडल्या होत्या. 2004 मध्ये दक्षिण भारतातल्या केसाळ कानांच्या पुरुषांचे डीएनए तपासले, तेव्हा त्यांची वाय गुणसूत्रं एका कुळातली निघालीच नाहीत. इतर पुरुषांइतकीच ती नाना तऱ्हांची होती. पुरुषांतच दिसतं म्हणून वायवर असणार, हा तर्क जावळाच्या तर्काचाच सख्खा भाऊ.

तेव्हा कडेवरचे केस ट्रिमरने किंवा बोथट टोकाच्या कात्रीने खुशाल कापावेत. उपटल्याने एकाचे दोन होत नाहीत, मुळांची संख्या जन्माआधीच ठरलेली असते. मात्र उपटलेल्या जागी पू धरू शकतो. केस काढायचं क्रीम आणि वॅक्स कानाच्या आत अजिबात नको. तिथली बारीक लव धूळ अडवते, ती असू द्यावी.