तेव्हा जाहिरातही नको होती, आज फक्त जाहिरातच हवी आहे

14 एप्रिलची वर्तमानपत्रे उघडली की वाटते, या देशातून जात कधीच हद्दपार झाली. पहिल्या पानावर बाबासाहेब, शेवटच्या पानावर बाबासाहेब, मधल्या पुरवणीतही बाबासाहेब. खाली आमदार, नगरसेवक, बिल्डर, सराफ यांचे 'विनम्र अभिवादन'. कित्येकदा अभिवादन करणाऱ्याचा फोटो महामानवापेक्षा मोठा असतो, पण ते असो. या पानांचे पैसे मोजलेले असतात, एवढे लक्षात ठेवा. कारण एके काळी रोख पैसे मोजायची तयारी असूनही बाबासाहेबांना वर्तमानपत्रात चार ओळींची जागा मिळाली नव्हती.

31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले. पाक्षिक होते. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, म्हणजे सरकारी नोकर, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. परळच्या पोयबावडीतून चालणाऱ्या या छोट्या पत्राची जाहिरात पुण्याच्या 'केसरी'कडे पाठवली गेली. फुकट नव्हे, पैसे देऊन. 'केसरी'ने ती नाकारली. टिळक तेव्हा हयात होते. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याचे सांगणाऱ्या पत्राला अस्पृश्यांचे एक पाक्षिक निघाले आहे, एवढी खबरही आपल्या वाचकाला द्यावीशी वाटली नाही.

यावर एक ठरलेले उत्तर येते. पत्र खाजगी, काय छापावे हा मालकाचा हक्क. मान्य. पण मग तो हक्क बजावणाऱ्याने साऱ्या राष्ट्राच्या वतीने बोलू नये. 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले होते. मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते, असे सांगून त्यांनी बोटीचा दाखला दिला. एकाच बोटीतल्या प्रवाशाने दुसऱ्याच्या जागेला भोक पाडले, तर आधी किंवा मागाहून त्यालाही जलसमाधी मिळणारच. पहिल्या अंकातली ही भाषा आहे. शिवी नाही, शाप नाही, सगळ्यांच्याच बुडण्याची काळजी आहे. ज्यांना आजही आंबेडकरी लेखन 'एकांगी' आणि 'कडवट' वाटते, त्यांनी तो अग्रलेख एकदा वाचावा.

पुढे गंमत अशी झाली की, ज्या गायकवाड वाड्यातून 'केसरी' निघायचा, त्याच वाड्यात 1928 साली समाज समता संघाचे सहभोजन झाले. बाबासाहेब त्याला हजर होते. बोलावणारे होते टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत. त्याच वर्षी मे महिन्यात श्रीधरपंतांनी आत्महत्या केली. मृत्यूपूर्वी लिहिलेल्या पत्रांपैकी एक बाबासाहेबांना होते. टिळकांच्या नावाने व्याख्यानमाला भरपूर होतात. त्यांच्या या मुलावर त्यात किती व्याख्याने होतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

'बहिष्कृत भारत' 1927 ला सुरू झाले तेव्हाही पैशांची हीच ओढाताण. लेखक मिळत नसत, अंकातले रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे भरून काढत. पत्राचे ऋण वाचकांपुढे मांडण्यासाठी त्यांना अग्रलेख लिहावा लागला. आपले हक्काचे पत्र का चालत नाही, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. त्याचे सगळे खापर टिळकपंथीयांवर फोडता येणार नाही. आजही मिरवणुकीतल्या डीजेसाठी वर्गणी जमते आणि चळवळीच्या मासिकाची वर्गणी भरायची राहून जाते.

1943 साली पुण्यात, रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी भारतीय पत्रकारितेची चिरफाड केली. एके काळी हा पेशा होता, आता धंदा झाला आहे, आणि साबण बनवण्याच्या धंद्याला जेवढी नैतिक जबाबदारी असते तेवढीच याला उरली आहे, असे त्यांचे म्हणणे. पत्रकार नायकांचे ढोल बडवतात, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. तेव्हा चॅनेल नव्हते, रात्री नऊची चर्चा नव्हती. 'गोदी मीडिया' हा शब्द कालचा आहे, निदान जुने आहे.

आता थेट 2006 कडे या. 29 सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आई, मुलगी, दोन मुले. मुंबई-पुण्याच्या मोठ्या वर्तमानपत्रांना जाग यायला कित्येक आठवडे लागले. सुरुवातीला जे छापून आले, त्यातही 'अनैतिक संबंधां'ची कुजबुज होती. पोलिसांकडून आलेले जसेच्या तसे उतरवून घेतलेले. नागपूर-विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी गावात जाऊन सत्यशोधन केले, पत्रके काढली, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे ती 'बातमी' झाली. नोव्हेंबरअखेर कानपूरमध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, महाराष्ट्रात संतापाचा उद्रेक झाला आणि उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. ती बातमी मात्र त्याच दिवशी देशभर पोहोचली. गाडी जाळण्याचे समर्थन इथे कोणी करत नाही. प्रश्न एवढाच आहे की, चार माणसांच्या बातमीला आठवडे आणि डब्यांच्या बातमीला काही तास, हा हिशेब कोणत्या टेबलावर ठरतो? त्या टेबलाभोवती कोण बसलेले असते?

आणि दर 6 डिसेंबरची बातमी तर पाठच आहे. लाखो माणसे स्वखर्चाने, कोरडी भाकरी बांधून चैत्यभूमीवर येतात, शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पुस्तके विकत घेऊन जातात. छापून काय येते? दादर परिसरातील वाहतुकीत बदल.