अर्ध्या तासाची सुट्टी

सरोजिनीनगर म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना दिल्लीतला कपड्यांचा बाजार आठवतो. आज मी बोलणार आहे ते लखनौच्या सरोजिनीनगरपासून. शहरातून कानपूर रस्त्याने निघालं की अमौसी विमानतळाच्या बाजूला हा भाग लागतो. इथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे. महिला कुस्तीगिरांची राष्ट्रीय शिबिरं इथे भरली आहेत. याच भागात स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीचा कारखाना होता. कंपनी १९७२ साली स्थापन झाली. मिलानच्या इनोचेंती कंपनीकडून लँब्रेटाची यंत्रसामग्री आणली गेली. ‘विक्रम’ ही तीनचाकी इथलीच. २०२१ साली केंद्र सरकारने कंपनी बंद करायला मंजुरी दिली.

ही दोन नावं मी मुद्दाम शेजारी ठेवली. स्कूटरने नोकरदाराची पायपीट वाचवली, आणि व्यायाम ही मैदानावर जाऊन करायची वेगळी गोष्ट झाली. पण शरीर काही हा फरक पाळत नाही. याचा पुरावा मिळाला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये.

डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. बस एकच, पगार देणारी संस्था एकच; पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. टपाल खात्यातही तेच दिसलं: पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे होते. कुणी म्हणेल, मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील. ही शंका मॉरिसनाही आली. त्यांनी गणवेशांची मापं तपासली, आणि ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला खरोखरच मोठ्या निघाल्या! म्हणजे शंकेत तथ्य होतं. तरीही पुढच्या संशोधनात हालचालीचा फायदा पुन्हा पुन्हा दिसत राहिला.

मुंबईत बेस्टची दुमजली बस १९३७ साली आली. तिच्या कंडक्टरला कुणी ‘व्यायाम करा’ म्हणून सांगितलं नव्हतं. त्याचं कामच तसं होतं.

मग सगळ्यांनाच राबवायचं का? अजिबात नाही. इथे नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण हवी. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्या होत्या रविवारच्या सुट्टीच्या आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीच्या. १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात दुपारचा अर्धा तासही आला. साचावर दिवसभर उभं राहणाऱ्याला बसायला वेळ हवा होता. आजही तशी माणसं आहेत. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्यांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये कायद्याने दिला.

संगणकापुढे बसणाऱ्याला नेमकं उलटं हवं आहे, पण मागणी तीच आहे: कामाच्या वेळेतला थोडा वेळ शरीरासाठी. आयुष मंत्रालयाने कार्यालयांसाठी पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ हा योगाभ्यास आखला. २०२१ मध्ये त्याचं ॲपही आलं. चांगलं आहे. पण साहेब खुर्चीतून उठत नसतील, तर कारकून कसा उठेल? जिन्याचं दार कुलूपबंद आणि लिफ्ट मात्र समोर, अशा इमारतीत ‘चाला’ असं पोस्टर लावून काय होणार?

म्हणून मला वाटतं, हा प्रश्न आळसाचा म्हणून नोकरदाराच्या गळ्यात मारू नये. लोखंड्यांनी कामगारांना ‘घरी जाऊन जास्त झोपा’ असं सांगितलं नाही. त्यांनी गिरणीच्या वेळेतून अर्धा तास मागितला. तुमच्या कचेरीत मागायचंच असेल, तर उघडा आणि उजेडाचा जिना मागा, उभ्या-उभ्या होणारी छोटी बैठक मागा, जेवणानंतर फेरी मारून यायला दहा मिनिटं मागा. आणि दिवसभर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकासाठी एक खुर्चीही मागा.