भायखळ्याच्या तुरुंगातले ते तिघे

मी बेंगळुरूहून बोलतोय. इथलं मल्लेश्वरम आणि बसवनगुडी म्हणजे १८९८ च्या प्लेगनंतर गावाबाहेर वाढलेल्या वसाहती. पण आजची गोष्ट त्याच्या आदल्या वर्षीची, मुंबईतली.

वाल्डेमार हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० तारखेच्या दुपारी १५४ कैद्यांनी ‘स्वेच्छेनं’ लस घेतली. सुमारे १७७ जणांनी घेतली नाही. (फौजेत आयुष्य गेलंय, हुकमाखालच्या माणसाची ‘स्वेच्छा’ म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको.)

आता हिशेब बघा. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले, त्यातले ६ गेले. लस घेतलेल्यांत २ आजारी, मृत्यू एकही नाही. म्हणजे शंभरात जवळपास सात विरुद्ध सव्वा. धोका पाचपट कमी! तोच आकडा दुसऱ्या बाजूनं मांडला, तर एक आजारी वाचवायला साधारण अठरा जणांना टोचावं लागलं. दोन्ही खरं आहे. जाहिरातीत मात्र पहिलंच येतं.

पण एक गोष्ट राहिली. लस टोचली त्याच दिवशी तिघे आजारी पडले आणि दगावले. हाफकिनचं म्हणणं, त्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता. वैद्यकीयदृष्ट्या ते पटतं. म्हणून हिशेब १५१ वर झाला. हे तिघे परत घातले तर १५४ मध्ये पाच, म्हणजे शंभरात सव्वातीन. पाचपटीचं दुपटीवर येतं. आजचा नियम कडक आहे: ज्याला ज्या गटात घातलं, त्याचा हिशेब त्याच गटात. मला तोच रास्त वाटतो. रोलकॉलमधून नाव खोडलं म्हणून जवान तुकडीतून जात नाही.

आणि लस घ्यायला पुढे आलेले मुळातच वेगळे असतील तर? कदाचित जास्त धडधाकट? याचं उत्तर १८९८ मध्ये बडोदे संस्थानातल्या उंधेरा गावी शोधलं गेलं. तिथं प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. प्लेग शिरलेल्या २८ घरांत लसवाल्या ७१ जणांपैकी ८ आजारी, ३ मृत. बिनलसीच्या ६४ पैकी २७ आजारी, २६ मृत. घर एक, अन्न एक, उंदीरही तेच. भायखळ्यापेक्षा हा पुरावा मी वरचा मानतो.

१९०४ मध्ये कार्ल पिअर्सननं ब्रिटिश फौजेतल्या विषमज्वराच्या लसीचे आकडे तपासले. ते त्याला कच्चे वाटले. त्यानं सुचवलं की लसीसाठी पुढे आलेल्यांची यादी करा आणि दर दुसऱ्यालाच टोचा. यादी करणं फौजेला नवीन नव्हतं. हात पुढे केलेल्या जवानाला ‘तुला नाही’ म्हणणं, हे अवघड काम होतं.