तळटीप : ‘वर्णद्वेष’ हा शब्द का टाळला
मूळ मजकुरातील ‘अपार्टहाइट’ या आफ्रिकान्स शब्दासाठी मराठीत ‘वर्णद्वेष’ रूढ आहे; या आवृत्तीत तो जाणीवपूर्वक टाळला आहे. द्वेष ही मनातली भावना. १९४८ नंतर दक्षिण आफ्रिकेत उभी राहिली ती कायद्यांची यंत्रणा, आणि ती राबवणाऱ्या कारकुनाच्या मनात द्वेष नसला तरी तिचे काम अडत नव्हते. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाला वंशाच्या रकान्यात बसवले. घर, शाळा, विवाह, मतदान सारे त्या रकान्यावर ठरले.

‘अपार्टहाइट’चा शब्दशः अर्थ ‘वेगळेपण’. मग राज्यकर्त्यांचाच सौम्य शब्द आपण का वापरावा, हा आक्षेप रास्त आहे. पण ती सौम्यता हाच पुरावा आहे. १९५२ मध्ये ‘पास रद्द’ करण्याच्या नावाने जो कायदा आला, त्याने कृष्णवर्णीयांवर पासऐवजी संदर्भपुस्तिका बाळगण्याची सक्ती केली. १९५९ च्या ‘विद्यापीठीय शिक्षण विस्तार’ कायद्याने गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे त्यांना जवळजवळ बंद केली. अशी नावे भाषांतरात कठोर केली, तर ही फसवणूक वाचकाला दिसणारच नाही. म्हणून सरकारी नावे जशीच्या तशी, अवतरणचिन्हांत ठेवली आहेत. लेखिकेच्या स्वतःच्या विधानांत मात्र ‘वंशभेदी राजवट’ असे स्पष्ट म्हटले आहे. ‘वर्णभेद’ही घेतला नाही, कारण मराठी कानाला त्यात चातुर्वर्ण्य ऐकू येते. जात आणि वंश यांची तुलना अवश्य व्हावी, पण ती युक्तिवादाने व्हावी; एका शब्दाच्या आडून नव्हे.