नाचणारी आणि नाचविणारी

बॅले म्हटला की पांढऱ्या झग्यातील, पायाच्या बोटांवर तोललेली नर्तिकाच डोळ्यांपुढे उभी राहते. तेव्हा या कलेत स्त्रियांचेच राज्य असणार, असा आपला समज होतो. माझाही होता. परंतु नाचते कोण आणि नाचविते कोण, हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे तिचा इतिहास चाळताना ध्यानात आले.

इंग्लंडमध्ये या कलेचा पाया बायकांनीच घातला. मेरी रँबर्ट आणि निनेट द व्हॅल्वा या दोघींची नावे तेथे आदराने घेतली जातात. व्हॅल्वाबाईंनी १९२६ साली लंडनमध्ये नृत्यशाळा काढली, १९३१ साली पथक उभारले, आणि त्याच पथकास १९५६ साली राजसनद मिळून ते ‘रॉयल बॅले’ झाले. कॅनडाचे राष्ट्रीय पथक १९५१ साली सेलिया फ्रँका यांनी उभे केले. अमेरिकेत ल्युसिया चेस यांनी पदरचा पैसा घालून बॅले थिएटर जगविले व १९८० पर्यंत त्याची धुरा वाहिली.

मग पुढे काय झाले? व्हॅल्वाबाई १९६३ साली निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी ॲश्टन, मॅकमिलन, मॉरिस, डॉवेल व स्ट्रेटन असे ओळीने पाच पुरुष आले. मोनिका मेसन यांच्या रूपाने त्या खुर्चीवर पुन्हा बाई बसली, ती २००२ साली. म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी! घर बांधले बाईने आणि किल्ल्या गेल्या दुसऱ्याकडे, असाच हा प्रकार नव्हे काय?

याचे एक कारण शाळेतच सापडते, असे जाणकार म्हणतात. मुली पुष्कळ, मुलगे थोडे. मुलग्याचे कौतुक होते, त्याला नवे काही रचून पाहण्यास वाव मिळतो. मुलीने मात्र ओळ मोडायची नाही.

तक्रार केली की ‘बाया पुढे येतच नाहीत’ हे उत्तर ठरलेले. त्याला उतारा म्हणजे मोजदाद. अमेरिकेत ‘डान्स डेटा प्रोजेक्ट’ या संस्थेने हे काम हाती घेतले. २०१८-१९ च्या हंगामात तेथील पन्नास मोठ्या पथकांनी केलेल्या नृत्यरचनांपैकी ८१ टक्के पुरुषांच्या होत्या, असे तिने दाखवून दिले. पुढे २०२२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पथकाची सूत्रे तमारा रोहो यांनी, तर अमेरिकन बॅले थिएटरची सूझन जॅफी यांनी हाती घेतली. हे केवळ आकड्यांमुळे घडले, असे मी म्हणणार नाही. परंतु आकडा समोर असला की ‘आमच्याकडे भेदभाव नाही’ असे म्हणून मोकळे होता येत नाही.

भगिनींनो, आपण हळदीकुंकवाच्या वाणाचा हिशेब पैपर्यंत ठेवतो. मग गावातील शाळा, वाचनालय, पतपेढी यांच्या कार्यकारिणीत बायका किती आणि अध्यक्षपदी किती, याचीही एक वही मंडळाने यंदापासून घालावी, एवढीच या वर्धापनदिनी माझी सूचना आहे. खर्च एका वहीचाच आहे.